पूजेत मांडलेलं पिस्तूल

आपल्याकडे माणूस मार खाऊन घरी पडला की त्याला भेटायला दोन प्रकारची माणसं येतात. काही मोसंबी घेऊन येतात आणि काही सल्ला. मोसंबी संपतात, सल्ला मात्र घरात मुक्काम ठोकतो. बदलापूरला कात्रपमध्ये राहणाऱ्या गुरुदत्त टिपणीसच्या घरी असा मुक्कामाला आलेला सल्ला होता त्याच्या सख्ख्या मेव्हण्याचा, यज्ञेशचा. “भाऊजी, ये लोग बात से नहीं मानते. एक पिस्तूल घ्या. कमरेला दिसलं ना, की आपोआप सलाम ठोकतात.”

गुरुदत्त तेव्हा पलंगावर पडून होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, ओठ शिवलेले, पुढचे दोन दात गेलेले. आयुष्यात मुंगीच्याही वाटेला न गेलेला हा माणूस. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत त्याचा लहानसा प्रेसचा कारखाना. पत्रा कापायचा, ठोकायचा, वॉशर काढायचे, एवढंच काम. पण पत्रा कापला की भंगार उरतं, आणि भंगार उरलं की त्यावर डोळा ठेवणारेही येतात. सुजित नावाचा त्या भागातला एक दादा गाळ्यागाळ्यांतून फिरून सांगत असे की भंगार आमच्याच माणसाला द्यायचं, भाव आम्ही ठरवू. बाकीच्यांनी मान हलवली. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? गुरुदत्तने मात्र नाही म्हटलं, आणि तेही दोनदा.

मग एका संध्याकाळी पाळी सुटायच्या सुमारास तीन मोटरसायकली गेटवर आल्या. गुरुदत्त गाडीचं दार उघडत होता. पहिला रॉड गुडघ्यामागे बसला आणि तो खडीवर कोसळला. डोकं वाचवायला त्याने हात वर धरला, तर दुसरा रॉड त्या हातावर आला. हाड मोडल्याचा आवाज त्याला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. एकाने बुटाने तोंडावर लाथ घातली. सुजित गाडीवरून उतरलासुद्धा नाही. “भंगार द्यायचं नाय ना? मग तूच भंगार हो,” एवढंच तो म्हणाला, आणि पोरांनी पुन्हा रॉड उचलले.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजायला लागला आणि थांबेचना. आत कैलास होता. बुवापाड्यात राहणारा, या कारखान्यातला सर्वांत जुना कारागीर. बाहेरचा आरडाओरडा ऐकून त्याने भोंग्याचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. कुठेतरी आग लागली म्हणून आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं रस्त्यावर धावली. एवढी गर्दी बघून सुजितच्या पोरांनी गाड्या पळवल्या. कैलासने मालकाला खांद्यावर टाकलं आणि रिक्षात घातलं.

सुजितला अटक झाली, खटला उभा राहिला, आणि मग तो जामिनावर सुटला. कायद्याचं गाडं त्याच्या चालीने चालतं. पण भीतीला तेवढा धीर नसतो, आणि भीती काय चीज आहे ते ज्याच्या अंगावर रॉड बसले त्यालाच विचारावं. मागून मोटरसायकलचा आवाज आला की गुरुदत्त पटकन भिंतीकडे सरकायचा. एकदा स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या, नीलिमाच्या हातून कुकरचं झाकण निसटलं, तर हा बैठकीत दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसला. बायकोने ते पाहिलं, आणि बायकोने पाहिलं हे त्याला कळलं. त्या दिवशी त्याने यज्ञेशला फोन केला.

अर्ज झाला, चौकशी झाली, बरेच महिने गेले आणि परवाना मिळाला. पिस्तूल आलं. नेमबाजीच्या मैदानावर शिकवणाऱ्या गृहस्थांनी त्याला बजावून सांगितलं की मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी. ती बाहेर काढली म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजू नका. वर चढवलेली एक गोळी नळीतच बसलेली असते. वरचा खटका मागे ओढून बघितल्याशिवाय पिस्तूल रिकामं म्हणायचं नाही. गुरुदत्तने मान हलवली. आपण लग्नात मंगलाष्टकं ऐकतो, तसं त्याने ते ऐकलं.

पिस्तूल कमरेला लागलं आणि माणूस सरळ चालायला लागला. झोप यायला लागली, हे खरं सांगितलं पाहिजे. पण त्याबरोबर आणखीही काही आलं. शहाडच्या पुलावर एका रिक्षाचा त्याच्या गाडीला ओरखडा गेला. रिक्षावाला साठीकडे झुकलेला, चूक कबूल करत होता. पूर्वीचा गुरुदत्त दोन शब्द बोलून निघून गेला असता. हा खाली उतरला, त्याने म्हाताऱ्याची कॉलर धरली, दोन थोबाडीत ठेवून दिल्या आणि शर्ट वर करून कमरेचं दाखवलं. रिक्षावाला भर रस्त्यात हात जोडून खाली बसला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं. गुरुदत्त गाडीत येऊन बसला तो शीळ घालत. शेजारी बसलेल्या नीलिमाने हे सगळं पाहिलं.

तिने माधवीमावशीला बोलावून घेतलं. ही तिची सख्खी मावशी, उल्हासनगरात राहणारी. तिथल्याच सरकारी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून हिची हयात गेली होती, निवृत्तीला आता थोडेच महिने उरले होते. रविवारी सकाळी ती शेजारच्या सिंधी बाईने केलेलं दालपक्वान घेऊन आली, सगळ्यांना खायला घातलं, आणि हात धुऊन मुद्द्यावर आली. रिक्षावाल्याचं तिने विचारलंच नाही. ते पिस्तूल कशाला लागतं, एवढंच विचारलं.

गुरुदत्त तयारीत होता. “मावशी, त्या दिवशी हे माझ्याकडे असतं तर एकाने तरी रॉड उचलला असता का? पोलीस काय माझ्या गेटवर पाट टाकून बसणार आहेत? त्यांनी मारायचं आणि आपण तारखा घ्यायच्या. बळी तो कान पिळी, हाच न्याय असेल तर मलाही बळ पाहिजे.”

“खोटं बोलत नाहीस तू,” मावशी म्हणाली. “तुझ्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. पण एक सांग, ते त्या दिवशी कशाला आले होते?”

“हात मोडायला.”

“आणि आता तुझ्याकडे पिस्तूल आहे हे कळल्यावर नुसता हात मोडायला कोण येईल?”

मावशीने आवाज चढवला नाही. तिने थिएटरमधल्या गोष्टी सांगितल्या. गोळ्या लागून आलेली माणसं तिने टेबलावर पाहिली होती. कुणी हळदीत नाचताना कुणाच्या तरी आनंदाच्या गोळीने पडलेला, कुणी भावाच्याच हातून, कुणी कपाट आवरताना. दरोडेखोराला गोळी घालून घर वाचवलेला माणूसही असेल कुठेतरी, ती म्हणाली, नाही असं मी म्हणत नाही. पण माझ्या टेबलावर आले ते बहुतेक घरातलेच. मग तिने विचारलं की त्या दिवशी तुला वाचवलं कुणी? एका माणसाने भोंगा दाबला आणि सगळा रस्ता बाहेर आला, म्हणून तू जिवंत आहेस. ती माणसं जमव. गाळेवाल्यांना एकत्र आण, रस्त्यावर दिवे लाव, कॅमेरे लाव, कोर्टात उभा राहून साक्ष दे.

“आणि दर वेळी कैलास जवळ असेल का?” गुरुदत्तने विचारलं.

मावशी डबा घेऊन निघून गेली. आपण वाद जिंकला, असं गुरुदत्तला वाटलं. यज्ञेशलाही तसंच वाटलं.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याला कारखाना बंद, म्हणून आनंदनगरात पूजा आदल्या दिवशीच होते. सकाळपासून यंत्रं रॉकेलने पुसून लखलखीत केलेली, प्रेसच्या लोखंडी अंगावर कुंकवाची स्वस्तिकं, झेंडूच्या माळा. कामगार बायकापोरांना घेऊन आले होते. मोठ्या प्रेससमोर पाट मांडलेला आणि त्यावर प्रत्येकाचं हत्यार ठेवलेलं. हातोडी, कानस, कैलासचा पाना. आपल्या हातांना भाकरी देणाऱ्या वस्तूला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, इतकी साधी आणि सुंदर ही रीत.

त्या सकाळी येताना एक मोटरसायकल बराच वेळ गुरुदत्तच्या गाडीमागे होती. बहुधा कुणी आपल्या कामाला जाणारा असेल. पण चोराच्या मनात चांदणं, आणि भित्र्याच्या मनात चोर. गुरुदत्तने गाडी चालवता चालवता पिस्तुलाचा वरचा खटका मागे ओढून एक गोळी वर चढवून ठेवली होती. मोटरसायकल वळून गेली. गोळी तशीच राहिली आणि तो विसरला.

“भाऊजी, आज शस्त्रपूजा आहे,” यज्ञेश मोबाइल सरसावत म्हणाला. “खरं शस्त्र तर तुमच्या कमरेला आहे. ठेवा ना पाटावर, फोटो काढतो.”

गुरुदत्तने कैलासचा पाना बाजूला सरकवला आणि मधोमध पिस्तूल ठेवलं. कैलास प्रेसच्या बाजूला उकिडवा बसून नारळाची शेंडी सोलत होता. त्याची बायको शलाका पुढे आली. तिची मुलगी पाटापाशी घुटमळत होती. तिला मागे ओढत ती म्हणाली, “शेठ, ते तेवढं उचला ना. पोरं हायती हितं.”

सगळे बघत होते. चार माणसांत एका बाईने आपल्या पिस्तुलाला नाक मुरडावं, हे गुरुदत्तला लागलं. तो हसला, त्याने पिस्तूल उचललं, मॅगझिन काढून सगळ्यांना दाखवलं आणि खिशात टाकलं. “अहो वहिनी, रिकामं आहे हे. घाबरताय कशाला? हे बघा.” आणि त्याने पिस्तूल प्रेसच्या लोखंडाकडे धरून घोडा दाबला.

बंद गाळ्यात तो आवाज एवढा मोठा झाला की क्षणभर कुणालाच काही ऐकू येईना. गोळी लोखंडावर आपटली, फुटली आणि फिरली. उकिडवा बसलेला कैलास मागे कलंडला. त्याच्या हातातला नारळ घरंगळत गेला. त्याने आपल्या मांडीकडे पाहिलं, तिथून रक्त कारंज्यासारखं उसळत होतं. नवा पांढरा लेंगा बघता बघता लाल झाला. रक्त पाटाखाली गेलं, झेंडूच्या पाकळ्या त्यात तरंगायला लागल्या. मग बायकांचा आक्रोश सुरू झाला आणि पोरं दाराकडे पळाली.

पूजेला आलेल्या नीलिमाने मावशीला फोन लावला होता. फोनमधून मावशीचा आवाज येत होता, कापडाचा बोळा कर, जखमेत घाल, मुठीने दाब, सगळं वजन टाक, काही झालं तरी सोडू नकोस. गुरुदत्तने शलाकाचा पदर फाडून बोळा केला आणि आपली मूठ कैलासच्या मांडीत घातली. आत गरम होतं आणि काहीतरी ठोके देत होतं. कैलास गुरासारखा ओरडला. दोघांना तसंच उचलून टेम्पोत घातलं. उल्हासनगरपर्यंत रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात ती मूठ सरकायची आणि रक्ताची चिळकांडी त्याच्या तोंडावर यायची. एकदा मोडलेला तो हात कळा मारत होता, पण त्याने दाब सोडला नाही. कैलास हळूहळू ओरडायचा थांबला. ते जास्त भयंकर होतं. शलाका नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने गुरुदत्तकडे एकदाही बघितलं नाही.

टेम्पोच्या कोपऱ्यातून यज्ञेश त्याच्या कानाशी आला. त्याचाही चेहरा पांढराफटक होता, पण डोकं चालत होतं. “भाऊजी, ऐका. सुजितची पोरं बाईकवरून आली, गोळी मारून पळाली. बस. सगळे तेच बोलतील, मी सांगतो त्यांना. कोण नाही म्हणेल? तो जामिनावरच आहे. तुमचं लायसन्स, कारखाना, सगळं वाचेल.”

आणि वाचकहो, हे सगळ्यांना पटलं असतं. पोलिसांना पटलं असतं, वर्तमानपत्रांना पटलं असतं. ज्या माणसाने गुरुदत्तचा हात मोडला, तो आयता तुरुंगात गेला असता. टेम्पोत बसलेला एक कामगार, भीमराव, तर आपणहून म्हणाला की शेठ, आम्ही तुमचं मीठ खाल्लंय, तुम्ही सांगाल ते बोलू.

मावशी आपल्या हॉस्पिटलच्या दारात आधीच येऊन उभी होती. कैलासला आत नेलं. गुरुदत्त कोपरापर्यंत रक्ताने माखलेला भिंतीला टेकून उभा राहिला. हवालदार जवळ आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला. गुरुदत्तच्या तोंडून शब्द निघाले, “बाईकवरून दोघं आले...”

एवढ्यात थिएटरचं दार उघडून मावशी बाहेर आली. तिला काहीच माहीत नव्हतं. फोनवर तिने फक्त रक्त थांबवायचं सांगितलं होतं. ती घाईघाईने म्हणाली, “डॉक्टर विचारतायत, गोळी सरळ लागली की कशावर आपटून? सरळ असेल तर एकच शोधायची. आपटून आली असेल तर तुकडे असतील, ते सगळीकडे शोधावे लागतील. एक जरी आत राहिला तरी रक्त थांबणार नाही. लवकर सांग, कुणी पाहिलंय?”

हवालदाराने वही उघडली होती. यज्ञेशने गुरुदत्तचा दंड घट्ट धरला होता. समोर बाकावर शलाका होती, आणि आता पहिल्यांदाच ती त्याच्याकडे बघत होती.

“आपटून,” गुरुदत्त म्हणाला. “प्रेसवर आपटून. मावशी, कुणी आलं नव्हतं. पिस्तूल माझं, हात माझा. मीच मारली गोळी. रिकामं आहे म्हणून दाखवायला मी घोडा दाबला.”

मावशी वळून आत धावली. गुरुदत्त तिथेच जमिनीवर बसला आणि मोठ्याने रडायला लागला. रॉड खातानाही तो असा रडला नव्हता.

तुकडे तीन निघाले. कैलास वाचला, पण पाय वाचला नाही, तो गुडघ्याच्या वरून काढावा लागला. गुरुदत्तवर गुन्हा दाखल झाला, पिस्तूल जप्त झालं, परवाना गेला, काही दिवस कोठडीत गेले. त्याने वकिलाला सांगून ठेवलं की मी केलेलं मी नाकारणार नाही. कैलासच्या घराची जबाबदारी त्याने उचलली, पण त्याचं कौतुक करायला मी बसलो नाही. ज्याचा पाय आपण घालवला त्याला डबा पोहोचवणं म्हणजे पुण्य नव्हे.

जामिनावर सुटल्यावर तो बुवापाड्यात गेला. कैलास खाटेवर बसून होता. त्याने मालकाला बसायला सांगितलं, चहा करायला सांगितला. माफीचं काही बोलणं झालं नाही. कैलास म्हणाला की शेठ, पाय नाही तरी तो अजून खाजतो, हे विचित्र आहे बघा. शलाका चहा घेऊन आली. कप खाली ठेवून तिने विचारलं, “शेठ, ज्यांच्यासाठी तुम्ही ते घेतलं हुतं, ते आले का वो परत?”

“नाही,” गुरुदत्त म्हणाला.

“मग?” ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

काही महिन्यांनी आनंदनगरच्या गाळेवाल्यांची बैठक झाली. इतर गाळेवाल्यांना सुजितचा त्रास पुन्हा सुरू झाला होता आणि बरेच जण पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज करायच्या बेतात होते. गुरुदत्तला बोलावलं होतं, कारण अर्जाची वाट त्याला ठाऊक होती. तो उभा राहिला. सुजितविरुद्ध कोर्टात मी साक्ष देऊन आलो, तो म्हणाला, आणि कमरेला काही न बांधता गेलो. भीती वाटली. पण तुमच्यापैकी चौघे माझ्याबरोबर आला असतात तर कमी वाटली असती. दिवे, कॅमेरे, एकमेकांच्या भोंग्याला धावून जायची सवय, हे सगळं होऊ शकतं. मी ते सोडून सोपा रस्ता धरला.

पिस्तूल शत्रूची वाट बघत बसतं, वाचकहो. पण शत्रू येईपर्यंत त्याच्यासमोरून रोज वावरत असतात ती आपलीच माणसं. आपण सगळ्या नागरिकांनी ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी की स्वतःच्या रक्षणासाठी आणलेलं हत्यार शत्रू ओळखत नाही, ते फक्त जवळचा माणूस ओळखतं. भीती खोटी नसते, पण तिला एकट्याच्या कमरेला बांधून हिंडलं की ती कमी होत नाही, तिला नुसते दात फुटतात.

बैठकीत मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारलंच, “सगळं बरोबर आहे हो टिपणीस. पण उद्या ते खरंच आले तर?”

गुरुदत्तने मागच्या रांगेकडे पाहिलं.

“ते अजून आलेले नाहीत,” तो म्हणाला. “कैलास रोज यायचा.”